बत्तीस बिटांची विनंती

दोन कंपन्यांकडून इंटरनेटच्या लाइन घेणाऱ्या संस्थेला बाहेर जाणाऱ्या डेटाची वाट स्वतः ठरवता येते. आत येणाऱ्या डेटाची वाट मात्र पलीकडचे ऑपरेटर ठरवतात. नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या बीजीपी प्रोटोकॉलच्या घोषणेत स्वतःच्या नेटवर्कचा क्रमांक पुन्हा पुन्हा लिहून मार्ग मुद्दाम लांब दाखवण्याचा उपाय होता, पण तो थिटा पडे. कारण राउटर मार्गाची लांबी मोजण्याआधी ‘लोकल प्रेफरन्स’ पाहतो, आणि तो आकडा ऑपरेटरच्या हातात.

ऑगस्ट १९९६ मध्ये दोन आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज, लागोपाठ आल्या. १९९७ क्रमांकाच्या आरएफसीने घोषणेला ३२ बिटांची खूण जोडण्याची सोय केली. तिचं नाव कम्युनिटी: अर्ध्या बिटांत नेटवर्कचा क्रमांक, उरलेल्या अर्ध्यांत त्या नेटवर्कने ठरवलेला आकडा. या खुणेचं खरं बळ दिसलं ते आरएफसी १९९८ मध्ये. एन्के चेन आणि टोनी बेट्स यांनी तिथे एमसीआय या ऑपरेटरच्या नेटवर्कवरचा वापर मांडला. ग्राहकाने ३५६१:७० ही खूण लावली की एमसीआयचे राउटर त्या मार्गाचं प्राधान्य नेहमीच्या १०० वरून ७० वर आणत. मुख्य लाइन तुटली तरच तो मार्ग वापरात येई. ऑपरेटरच्या राउटरांना हात न लावता ग्राहक त्याच्या नेटवर्कमधला निर्णय फिरवू लागला, तेही त्याच्या संमतीने!

पुढे मोठ्या ऑपरेटरांनी आपापल्या खुणांचे तक्तेच जाहीर केले. अमुक शेजाऱ्याला हा मार्ग सांगू नका, तमुक ठिकाणी तो लांब दाखवा.

मग जागा अपुरी पडली. २००७ मध्ये नेटवर्कचे क्रमांक १६ वरून ३२ बिटांचे करण्याचं मानक आलं, पण लांब क्रमांक खुणेच्या अर्ध्या भागात मावेना. याची झळ उशिरा आलेल्या, नव्या नेटवर्कांना बसली. ९६ बिटांची ‘लार्ज कम्युनिटी’ यायला फेब्रुवारी २०१७ उजाडलं. इतकी वर्षं त्यांना ताटकळत ठेवणं अन्यायाचंच होतं. लार्ज कम्युनिटीला ओळखीसाठी आधी दिलेला ३० हा कोड कुणीतरी न विचारताच वापरत असल्याचं उघड झालं, म्हणून अखेर ३२ घ्यावा लागला.

दरम्यान, ऑक्टोबर २०१६ मध्ये ६५५३५:६६६ ही खूण प्रमाण झाली. हल्ला झालेल्या पत्त्याकडचा डेटा वाटेतच टाकून द्यावा, अशी विनंती तिच्यातून करता येते. हल्ल्यात सापडलेल्या नेटवर्कला ती तारते. पण भलत्याच्या हाती पडली तर चालू सेवाही बंद पाडू शकते. २०१८ च्या एका अभ्यासात इतरांचा डेटा वाहून नेणारी सुमारे १४ टक्के ट्रान्झिट नेटवर्क आलेल्या खुणा पुढे पाठवताना आढळली. खूण कुणी लावली हे पडताळण्याची सोय बीजीपीत नाही. त्यामुळे आपल्या क्रमांकाच्या परक्या खुणा सीमेवरच पुसून टाकणं आणि ग्राहकाकडून ठरलेल्या तेवढ्याच स्वीकारणं, हे काम प्रत्येक ऑपरेटरवर येऊन पडतं.