सरहद्दीपलीकडे गेलेली नोंद

गोंदियाहून बालाघाटच्या वाटेला लागले म्हणजे प्राचीन शिवमंदिरामुळे ख्यात असलेले नागरा लागते, आणि तेथून काही कोसांवर महाराष्ट्राची हद्द संपते. ही हद्द वयाने लहानच. कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच होते) व बालाघाट हे दोन्ही जिल्हे, नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या एकाच मध्यप्रदेशात नांदत होते. गुन्हेगाराची माहिती एका अंमलातून दुसऱ्या अंमलात धाडण्याची वहिवाट मात्र या मुलखात त्याहून कितीतरी जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांचा आणि जबलपूर कंपनीचे, अशी स्थिती असताना तेथील ठगीविरोधी मोहिमेचा सूत्रधार स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळीच तयार केल्या. आणि १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, गुन्हा कंपनीच्या मुलखात घडलेला असो वा बाहेर, खटला कंपनीच्या न्यायालयात चालविण्याची मुभा दिली, इतकेच नव्हे तर टोळीत असणे हेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले. बापाचे नाव दफ्तरात चढले की मुलगा आपोआप संशयित; आणि दूरच्या कचेरीतील त्या कागदाविरुद्ध फिर्याद न्यायची कोठे?

आज कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यान्वये बोटांचे व तळहातांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यांचे चित्रण, स्वाक्षरी यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे ७५ वर्षे राहते, आणि ती देशातील कोणत्याही तपास यंत्रणेला देण्याचा अधिकार त्या विभागास आहे. उलट परदेशाशी व्यवहार असेल तर विनंतीपत्र, गृहमंत्रालय, न्यायालय असा लांबचा फेरा पडतो. आणि अमेरिकेशी २००१ साली झालेल्या, २००५ पासून अंमलात आलेल्या परस्पर साहाय्य करारात, दिलेली माहिती संमतीवाचून अन्य कामी वापरू नये, अशी अट घालण्याची सोय आहे. परक्या सरकारापासून नागरिकाला जेवढे संरक्षण मिळू शकते तेवढे त्याच्याच देशातील दोन ठाण्यांमध्ये मिळू नये, ही मला विपरीत गोष्ट वाटते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले खरे, परंतु २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक बंधनांतून वगळले, आणि त्याबरोबर नोंद दुरुस्त करून घेण्याचा वा पुसून घेण्याचा हक्कही त्या प्रांतातून उठला.

पूर्वी शिक्षा न झालेला आणि आता खटल्याविना सुटलेला किंवा सर्व अपिले संपून निर्दोष ठरलेला इसम असेल, तर न्यायालयाने लेखी कारणे देऊन अन्यथा न सांगितल्यास त्याची नोंद नष्ट करावी, असे २०२२ चा कायदा सांगतो. मात्र तोवर इतर यंत्रणांना वाटल्या गेलेल्या प्रतींबद्दल त्याच्या मजकुरात स्वतंत्र कलम नाही. ते कलम संसदेने घालावे. तोपर्यंत, ज्यांच्यावर हा प्रसंग आला असेल त्यांनी निकालाची प्रत घरी जपून ठेवण्यावर न थांबता, राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे नोंद नष्ट करण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.