‘विच’ नेमके कोणाचे?

इंग्रजीत ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणारे उपवाक्य नामाच्या मागून येते. आधी दोन नामे असली की घोळ होतो. ‘द सेक्रेटरी ऑफ द मिनिस्टर हू रिझाइन्ड’ यात राजीनामा सचिवाचा की मंत्र्याचा? दोन्हीकडे ‘द’ आहे, त्यामुळे आर्टिकलही निकाल देत नाही. मराठीत ‘ज्या मंत्र्याने राजीनामा दिला, त्याचा सचिव’ म्हटले की शंका मिटते.

अमेरिकेत असा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लिफ्ट चालवण्याची नोकरी गेलेल्या एका महिलेने अपंगत्वाचा भत्ता मागितला. कायद्याची अट अशी: अर्जदाराला आधीचे काम जमत नसावे आणि देशाच्या अर्थव्यवस्थेत अस्तित्वात असलेले (इंग्रजीत हे शेवटी ‘विच’ने जोडलेले उपवाक्य) दुसरे कोणतेही काम जमत नसावे. तिचे म्हणणे होते की ही ‘अस्तित्वात असलेले’ची अट आधीच्या कामालाही लागू होते, आणि लिफ्टचालकाच्या नोकऱ्या आता फारशा उरलेल्याच नाहीत. २००३ मध्ये न्यायालयाने एकमताने निर्णय दिला: उपवाक्य फक्त लगतच्या नामाचे. ती हरली.

करार किंवा अर्ज इंग्रजीत लिहिताना शंका आली, तर सरळ दोन वाक्ये करा.