जुने वाहन आणि दुसरे इंजिन

दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला अगदी लागून, मानेभंज्यांग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून सिंगालिला डोंगररांगेतील संदकफू या ३,६३६ मीटर उंचीच्या शिखराकडे सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता जातो. दगडगोट्यांच्या या चढावर अनेक दशके प्रवाशांची व सामानाची वाहतूक केली ती मुख्यतः ब्रिटनमध्ये तयार झालेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी. यांपैकी कित्येक गाड्या १९५० च्या दशकातील आहेत. परंतु बॉनेट उघडून पाहिले असता त्यांतील अनेकींत मूळचे पेट्रोल इंजिन नसून महिंद्रचे डिझेल इंजिन बसविलेले आढळते. गाडी एका देशाची, इंजिन दुसऱ्या देशातील कारखान्याचे, आणि हे मीलन घडविणारा कारागीर स्थानिक, असा हा संयोग आहे.

डोंगराळ किंवा कच्च्या रस्त्यांसाठी चारही चाकांना गती देणारे जुने वाहन घेऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न उभा राहतो. मूळ इंजिन असलेली गाडी घ्यावी की इंजिन बदललेली? आणि गाडी घेतल्यावर आपण स्वतः इंजिन बदलावे काय?

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, अशा वाहनाचा सांगाडा इंजिनापेक्षा दीर्घायुषी असतो. शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तिच्याखाली पट्ट्यांच्या स्प्रिंगा व अखंड धुऱ्या, आणि वर बोल्टांनी जखडलेली बॉडी अशी त्याची साधी रचना असते. १९४८ मध्ये अवतरलेल्या लँड रोव्हरच्या बॉडीसाठी तर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरलेला होता, त्यामुळे तिचे पत्रे लोखंडी पत्र्यासारखे गंजत नाहीत. इंजिनाचे मात्र तसे नसते. त्याचे सिलिंडर झिजतात, सुटे भाग बाजारातून नाहीसे होतात आणि एक दिवस दुरुस्तीपेक्षा बदल स्वस्त वाटू लागतो.

भारतात या बदलाला आणखी एक कारण होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे येथे दीर्घकाळ तयार झालेल्या 'सीजे-३बी' या जीपमध्ये सुमारे २.२ लिटर क्षमतेचे व ७२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले, डिझेल त्या मानाने पुष्कळच स्वस्त राहिले आणि जीपमालक डिझेलकडे वळले. महिंद्रनेही फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली बनविलेले २.१ लिटरचे डिझेल इंजिन आपल्या जीपमध्ये बसविले. त्याची शक्ती सुमारे ६२ अश्वशक्ती होती.

येथे एका सार्वत्रिक समजुतीची तपासणी करणे इष्ट ठरेल. डिझेल इंजिन म्हणजे अधिक ओढ, असे पुष्कळजण मानतात. इंजिनाचा दांडा ज्या जोराने पीळ देतो त्याला शास्त्रीय भाषेत आघूर्ण म्हणतात. चालकांची 'ओढ' ती हीच. जुन्या पेट्रोल इंजिनाचे कमाल आघूर्ण सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर होते, तर प्यूजो डिझेलचे सुमारे १२.३. म्हणजे ज्यांनी हा बदल केला त्यांना ओढ अधिक मिळाली नाही. मिळाली ती इंधनाची बचत. बदलाचा हेतू स्वतःशी स्पष्ट नसेल तर पदरी निराशा येते, ती अशी.

मग चढ चढविणारी शक्ती येते कोठून? ती बहुतांशी दंतचक्रांतून येते. सीजे-३बीच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८, ट्रान्स्फर केसमधील खालच्या गिअरचे २.४६ आणि धुरीतील दंतचक्रांचे ५.३८ होते. यांचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो आणि घर्षणातील घट सोडली तर आघूर्ण ३७ पट होऊन चाकापर्यंत पोहोचते. चाकाचा परीघ सुमारे २.२७ मीटर धरला, तर इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना गाडी तासाला पावणेचार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकते. खडकाळ वाटेवर हवी असते ती नेमकी हीच गती.

आता याच गाडीत ट्रॅक्टरच्या जातीचे, मिनिटाला २,००० फेऱ्यांपलीकडे न जाणारे संथ इंजिन बसविले अशी कल्पना करू. सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये तिचा वेग ताशी ५० किलोमीटरवर अडकेल. तो वाढावा म्हणून धुरीतील गुणोत्तर ५.३८ ऐवजी ४.२७ केले, तर वेग ६४ पर्यंत जाईल. परंतु ३७ चा गुणाकार २९ वर येईल आणि चढावरील सावकाश, खात्रीची चाल तेवढी कमी होईल. एका टोकाला मिळविलेले दुसऱ्या टोकाला द्यावे लागते. म्हणूनच इंजिन निवडताना केवळ अश्वशक्ती न पाहता ती किती फेऱ्यांवर मिळते हे पाहावे आणि मग ती गाडीच्या दंतचक्रांशी जुळवून पाहावी.

उंचीचाही विचार आवश्यक आहे. संदकफूच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. टर्बोचार्जर नसलेले कोणतेही इंजिन, पेट्रोलचे असो वा डिझेलचे, तेथे आपली जवळजवळ तीन दशांश शक्ती गमावते. मैदानात जेमतेम पुरेसे वाटणारे इंजिन डोंगरात अपुरे पडते, ते यामुळे.

इंजिन चौकटीत बसले म्हणजे काम संपले, असेही नाही. डिझेल इंजिन सामान्यतः जड असते. त्याचे ओझे पुढच्या धुरीवर पडते, स्प्रिंगा दबतात व सुकाणू जड होते. इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारी तबकडी तंतोतंत मध्यावर नसेल तर क्लच व बेअरिंगे लवकर झिजतात. मूळ रेडिएटर नव्या इंजिनाची उष्णता सोसेलच असेही नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा. वेग ५० वरून ७० किलोमीटरवर गेला की गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. जुन्या जीपचे नऊ इंची ड्रम ब्रेक एवढी ऊर्जा वारंवार शोषून घेण्यासाठी बनविलेले नव्हते. शिवाय ज्या पेट्रोल गाडीत पायाच्या जोराला निर्वाताचे साहाय्य देणारी यंत्रणा असते, तिला हा निर्वात इंजिनाच्या हवा ओढण्याच्या क्रियेतूनच मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात हवेचा मार्ग आवळणारी झडप नसल्याने तो निर्माण होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पंप लागतो. हा पंप विसरलेली गाडी मैदानात चालते; लांब उतारावर मात्र चालकाच्या पायातील बळ संपते. शक्तिशाली इंजिन बसविण्यापूर्वी ब्रेक सुधारणे, हा क्रम कधीही उलटा करू नये.

यानंतर कायद्याचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा बदललेली गाडी घेताना चौकटीवरील क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार हे तिन्ही तपशील नोंदणीशी स्वतः ताडून पाहावेत. नोंद जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, आणि त्यात केवळ मालकाचे नव्हे, तर जखमी झालेल्या परक्या माणसाचेही नुकसान होते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊनच वाढवून मिळते. दिल्ली व तिच्या परिसरात तर २०१५ पासून जुन्या डिझेल गाड्यांवर विशेष निर्बंध आले आणि त्यांत वेळोवेळी फेरफार झाले. म्हणून गाडी जेथे चालवायची तेथील परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

ज्या आर्थिक कारणासाठी पूर्वी इंजिने बदलली गेली, तेही आता पूर्वीसारखे बलवान राहिलेले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठले आणि पेट्रोल व डिझेल यांच्या दरांतील अंतर घटले. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला इंजिनबदलाचा खर्च इंधनाच्या बचतीतून भरून निघणे अवघड आहे. अशा माणसाने १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेल्या मारुती जिप्सीसारखी हलकी पेट्रोल गाडी, तिच्या मूळ इंजिनासह, पसंत करणे अधिक सोयीचे. जिप्सीच्या लहान इंजिनाची ओढ वरच्या फेऱ्यांवर मिळते हे खरे. परंतु गाडीचे कमी वजन आणि खालचा गिअर ही उणीव बरीचशी भरून काढतात.

तात्पर्य, इंजिन बदलणे चूक नाही, पण ते अखेरचे साधन मानावे. मूळ इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल आणि त्याचे भाग मिळत असतील, तर तेच राखावे. भाग मुळीच मिळत नसतील, तर ज्याची नोंद रीतसर करून घेता येते आणि ज्याचे भाग जवळच्या बाजारपेठेत मिळतात, असेच इंजिन निवडावे. संदकफूच्या वाटेवरील जुन्या गाड्या टिकल्या, त्या त्यांची इंजिने बलाढ्य होती म्हणून नव्हे. वाटेत बिघाड झाला तर जो चालक गाडी चालवतो त्यालाच तो ओळखता येईल आणि हाताशी असलेल्या पान्यांनी दूर करता येईल, असे यंत्र त्यांच्या पोटात होते. गाव मागे पडल्यावर, धुके उतरलेले असताना, गाडीत एखादा आजारी माणूस झोपलेला असेल, तर त्या वेळी याच गुणाची किंमत कळते.