मालवणच्या सागरतळाचा शोध

मालवणच्या बंदरात नांगर टाकताना अनुभवी तांडेल जागा पाहून टाकतो. कोठे नांगर चिखलात रुततो, कोठे वाळूतून घसरत जातो, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तो खडकात अडकून बसतो. वरून एकसारखा दिसणारा समुद्र तळाशी किती निरनिराळा आहे, याची जाण दर्यावर्दी मंडळींना पूर्वापार आहे. जुन्या काळी गलबतांवर खोली मोजण्याच्या शिशाच्या वजनाला तळाशी चरबी लावीत. तिला चिकटून आलेल्या कणांवरून खाली वाळू आहे की चिखल, हे कळत असे.

आजची पद्धत मुळात तीच. साधने मात्र अधिक नेमकी आहेत. होडीतून दोरीने सोडलेले जबड्यासारखे पोलादी यंत्र तळाशी टेकताच मिटते आणि ठराविक क्षेत्रातील गाळ उचलून आणते. त्याचा एक भाग चाळण्यांतून गाळून कणांचा आकार ठरविण्यात येतो. दोन मिलिमीटरहून मोठे ते खडे, त्याखालील वाळू, आणि मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या हिश्शाहून बारीक तो चिखल. दुसरा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुऊन मागे राहिलेले कृमी, शिंपले व बारीक कवचधारी प्राणी वेगळे काढतात. गाळ काढण्यास काही मिनिटे पुरतात. हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजण्यात मात्र दिवसच्या दिवस जातात.

एवढा खटाटोप वाळूच्या कणांसाठी कशाला, असे कोणास वाटेल. परंतु तळाशी कोणी राहावे, हे बव्हंशी हे कणच ठरवितात. भरड वाळूतून पाणी व प्राणवायू खेळता राहतो. चिखलात अन्न भरपूर, पण थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो. तेथे चिखल खाऊन जगणारे कृमी वाढतात आणि त्यांच्यावर तळाचे मासे पोसले जातात. प्रवाळाच्या पिल्लाला चिकटण्यास कठीण पृष्ठभाग हवा. गाळ बसू लागला की प्रवाळाची शक्ती तो झटकण्यातच खर्च होते आणि गढूळ पाण्यामुळे त्याच्या शरीरातील सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश मिळत नाही.

मालवणचे वैशिष्ट्य येथेच आहे. पावसाळ्यात गड व कर्ली या नद्या समुद्रात गाळ आणून ओततात. तरीही किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर प्रवाळ तग धरून आहे. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर बुडालेला आंग्रिया बँक हा उंचवटा नद्यांच्या गाळापासून दूर आहे. तेथील पाणी इतके स्वच्छ, की वीस मीटरहून अधिक खोलीवरही प्रवाळ वाढतो. २०१९-२० मध्ये ‘सिंधु साधना’ या संशोधन नौकेवरून त्याची पाहणी करण्यात आली.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. परुळेकर यांनी मालवणच्या सागरी प्राण्यांविषयीचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९८७ मध्ये शासनाने येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले, त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. आपल्या मासेमारीवर बंधने येतील, ही भीती मच्छीमारांनी व्यक्त केली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. वाळूच्या तळावरून ओढली जाणारी रापण आणि प्रवाळावर पडणारा नांगर यांना एकच माप लावणे न्यायाचे होणार नाही. पर्यटकांच्या होड्या वाढल्यापासून तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. कोणत्या वावावर काय वर्ज्य करावे, हे सांगण्यासाठी तळाचा नकाशा हाती हवा.

तो एकदा काढून भागत नाही. पावसाळा वाळूचे दांडे हलवितो, देवबागचे कर्लीमुख रूप पालटते. म्हणून त्याच ठिकाणांचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षे, पुन्हा घ्यावे लागतात.