घर कुणाच्या नावावर?

2015 साली प्रधानमंत्री आवास योजना आली, तेव्हा ‘2022 पर्यंत सर्वांना घर’ असं सांगितलं होतं. शहरांसाठी तेव्हा वाटा चार होत्या: झोपडपट्टीच्या जागीच पुनर्विकास, गृहकर्जाच्या व्याजात सूट, भागीदारीतली स्वस्त घरं आणि स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख. पण धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मैत्रिणीकडे ना जागा, ना पगाराचा कागद. मग बँक तिला कर्ज देणार कशी? म्हणून भाड्याच्या स्वस्त घरांबद्दलही आपण विचारलं पाहिजे. 2020 मध्ये तशी योजना आलीच होती. आणि एक लक्षात ठेवू या: योजनेचं घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं असतं. सही करण्याआधी कागदावर आपलं नाव वाचून घेऊ या.