शेव्हरोलेच्या पोटाखालचा फोर्ड

अमेरिकेत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले अशी दोन घराणी आहेत. त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार जवळजवळ नाहीच. तरीही शर्यतीसाठी तयार केलेल्या शेव्हरोलेच्या एखाद्या जुन्या कमॅरोखाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकांमध्ये पुष्कळदा फोर्डच्या रचनेचा एक्सल दिसतो आणि त्याबद्दल मालकाला जराही संकोच नसतो. त्याचं नाव नुसतं ‘नऊ इंची’. आतल्या क्राऊन गिअरचा व्यास नऊ इंच, एवढाच त्या नावाचा अर्थ. फोर्डने तो १९५७च्या मॉडेलांपासून वापरायला सुरुवात केली आणि १९८६पर्यंत तो त्यांच्या ट्रकांखाली टिकला.

मसल कारच्या गोष्टीत सगळी माया इंजिनाच्या वाट्याला येते. एक्सल आठवतो तो तुटल्यावर. साठच्या दशकात फोर्डचा कारखाना इंजिन पाहून एक्सल देत असे. सहा सिलिंडरच्या मस्टँगला सव्वासात इंची, साध्या व्ही-आठला आठ इंची, आणि तेज २८९ घनइंची आणि बहुतेक मोठ्या इंजिनांना नऊ इंची. आज कुणी साध्या मस्टँगमध्ये दांडगं इंजिन बसवतो, पण मागे आठ इंचीच राहतो. मग काय होतं, हे हिशेबानेच कळतं. ४२८ कोब्रा जेट या इंजिनाचा टॉर्क ४४० पाउंड-फूट. क्लोज-रेशो गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.३२ आणि मागचं प्रमाण ४.३० धरलं, तर एक्सलपाशी पोचतात सुमारे ४,३९० पाउंड-फूट. क्लच झटक्याने सोडला तर त्यावर धक्क्याचा भार वेगळा. जुने अरुंद टायर घसरत आणि ती ताकद धुरात जाई, म्हणून एक्सल वाचत. आजचे चिकट रबराचे रुंद टायर घसरत नाहीत. सगळा मार मग दात आणि शाफ्ट खातात.

नऊ इंचीचं बळ नुसत्या आकारात नाही. शेव्हरोलेच्या बारा बोल्टी एक्सलचा क्राऊन ८.८७५ इंच होता, म्हणजे फरक नगण्य. क्रायसलरच्या हेमी गाड्यांखाली बसणाऱ्या डाना ६० एक्सलचा तर ९.७५ इंच, उघडच मोठा. फोर्डची करामत पिनियनच्या, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, जागेत आहे. हायपॉइड रचनेत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न बसता तिच्याखाली बसतो. डानामध्ये तो १.१२५ इंच खाली, बारा बोल्टीत दीड इंच आणि नऊ इंचीत तब्बल सव्वादोन. त्यामुळे दात लांब होतात, अधिक क्षेत्रावर एकमेकांना भिडतात आणि भार वाटला जातो. शिवाय पिनियनच्या पुढच्या अंगाला दोन टेपर बेअरिंगं असतातच. फोर्डने दातांच्या पलीकडे, पिनियनच्या टोकालाही एक छोटं बेअरिंग दिलं. जोर आला की पिनियन क्राऊनपासून दूर सरकू पाहतो. इथे त्याला दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं.

याची किंमतही आहे. पिनियन जितका खाली, तितके दात एकमेकांवर जास्त घासतात, तेल जास्त तापतं आणि थोडी ताकद वाटेतच मुरते. डानाचे चाहते हे सुनावायची संधी सोडत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

मग नऊ इंचीच का जिंकला? माझ्या मते त्याचं खरं उत्तर ताकदीपेक्षा मेकॅनिकच्या पाठदुखीत सापडतं. बारा बोल्टी आणि डानाला मागून झाकण असतं. ते काढून क्राऊन-पिनियनचं सगळं जुळवाजुळवीचं काम गाडीखाली आडवं पडून करायचं. नऊ इंचीत दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, प्रॉपेलर शाफ्ट सोडा, दहा नट काढा, की क्राऊन, पिनियन आणि डिफरन्शियलसकट अख्खा गाभा पुढून हातात येतो. वजनदार आहे, एकट्याने छातीवर घेऊ नये. पण एकदा टेबलावर ठेवला की पुढचं काम उजेडात, उभ्याने होतं. पिनियनची खोली ठरवणारी शिमसुद्धा बाहेरच्या सपोर्टखाली बसते, त्यामुळे ती बदलायला बेअरिंग उपसावं लागत नाही. शर्यतवाल्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांचे गाभे तयार ठेवले आणि ट्रॅक पाहून बदलले. नॅस्करच्या अव्वल मालिकेत शेव्हरोले, डॉज, टोयोटा सगळ्यांनी वर्षानुवर्षं याच रचनेवर शर्यती काढल्या. २०२२मध्ये स्वतंत्र सस्पेन्शनची नवी गाडी आली, तेव्हा कुठे तो तिथून गेला.

शेव्हरोलेवाल्यांना पटलेलं आणखी एक कारण भीतीचं आहे. त्यांच्या दहा आणि बारा बोल्टी एक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी सी आकाराच्या छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की बाहेरचा तुकडा चाकासह हाऊसिंगमधून निघून येऊ शकतो. फोर्डमध्ये बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं आणि बाहेरच्या टोकाला पट्टीने बोल्ट केलेलं असतं. आत शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. पुढे फोर्डनेच ८.८ इंची एक्सल आणला आणि त्यात सी-क्लिपच घातली. कारखान्याचा हिशेब वेगळा असतो.

क्राऊन-पिनियनचं प्रमाण निवडताना पुष्कळांचा तोल जातो. ४.११ म्हणजे पिनियनला ९ दात, क्राऊनला ३७. सव्वीस इंची टायरवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे ३,३०० फेरे घेतं, ३.०० ठेवलं तर २,४००. पहिल्यात सिग्नलवरून उडी जोरात, पण हायवेवर तासाभरात डोकं उठतं. आता ०.६८ ओव्हरड्राइव्हचा पाच गिअरी बॉक्स बसवता येतो, आणि त्यावर ४.११सुद्धा सव्वादोन हजारांच्या आसपास शांत चालतं. बॉक्स न बदलता ४.११ घालू नये, असं माझं स्पष्ट मत.

डिफरन्शियल कोणतं, हा वाद याहून जुना. ज्यांनी चिखलात एक चाक गरागरा फिरताना आणि दुसरं ढिम्म उभं असताना ट्रॅक्टरचं डिफ-लॉक पेडल दाबलं आहे, त्यांना साध्या डिफरन्शियलचा दोष समजावायला नको. फोर्डचं ट्रॅक्शन-लॉक क्लचच्या चकत्यांनी दोन्ही चाकांना थोडंफार बांधून ठेवतं. गुण चांगला, पण चकत्या झिजतात. डेट्रॉइट लॉकर, जो फोर्डच्या १९६९च्या ‘ड्रॅग पॅक’ पर्यायात ४.३०बरोबर मिळे, दोन्ही चाकं पक्की जोडतो आणि वळणावरच बाहेरच्या चाकाला मोकळं सोडतो. पार्किंगमध्ये त्याचा खट्-खट् आवाज ऐकून शेजारी वळून बघतात. सरळ रेषेत पळवायची गाडी असेल तर तोच घ्यावा. रोजच्या वापराला दाताळी रचनेचा टॉर्सेन जातीचा जास्त सभ्य.

पूर्वी नऊ इंची भंगारात शोधावा लागे. सत्तरच्या दशकाच्या अखेरची लिंकन व्हर्साय ही तशी विस्मृतीत गेलेली गाडी, पण तिच्याखाली डिस्क ब्रेकसह नऊ इंची असे, म्हणून मस्टँगवाले तिच्यावर टपलेले. एक्सलची रुंदी मात्र मोजून घ्यावी लागते: १९६५-६६च्या मस्टँगला ५७.२५ इंच, १९६७-७०ला ५९.२५. अंधारात ओळखायची खूण म्हणजे तळाचे नट. पिनियन इतका खाली असतो की नऊ इंचीत तिथे सॉकेट शिरत नाही, पाना लावावा लागतो. आठ इंचीत सॉकेट सगळीकडे बसतं. आता करी, मोझर, स्ट्रेंज या कंपन्या हाऊसिंगपासून ३५ स्प्लाइनच्या शाफ्टपर्यंत सगळं नवं बनवून देतात (कारखान्यातले शाफ्ट २८ किंवा ३१ स्प्लाइनचे). म्हणजे आज विकत घेतलेल्या नऊ इंचीत फोर्डने बनवलेला एकही तुकडा नसणं अगदी शक्य आहे.

जोडणीत घाई चालत नाही. क्राऊन-पिनियनमधला प्ले इंचाच्या हजाराव्या भागात आठ ते बारा. दातांना रंगीत पेस्ट लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर येतो का पाहायचं. तो कडेला गेला तर पुन्हा शिम. पहिल्या फेऱ्या छोट्या आणि हलक्या पायाने माराव्यात, मध्ये थंड होऊ द्यावं, आणि पहिल्या पाचशे मैलांनंतर तेल बदलावं.

आणि साध्या २८९चा, अरुंद टायरांचा, रविवारी बाहेर पडणारा मस्टँग असेल, तर आठ इंची चांगला धडधाकट आहे. त्याला नवी बेअरिंगं आणि सीलं घाला, उरलेले पैसे पुढच्या डिस्क ब्रेकला लावा.