चित्राला नाव कोण देते?

दुकानाचे नाव ठरविताना आपल्या घरांत वडीलधाऱ्यांपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांचे मत घेतले जाते. चित्राच्या नावाचा एवढा विचार मात्र पूर्वी खुद्द चित्रकारही करीत नसे. युरोपात चित्र ज्याने मागविले त्याच्या वाड्यात किंवा चर्चमध्ये टांगले जाई आणि पाहणाऱ्यास त्यातील प्रसंग ठाऊक असे. पुढे चित्रे हातोहात विकली जाऊ लागली, लिलावाच्या याद्या निघू लागल्या, तेव्हा नावाची निकड भासली. म्हणजे चित्राचे नाव हे बरेचसे व्यापाऱ्याच्या वहीतून आले, असे म्हणण्यास हरकत नाही!

अशा नावांनी घोटाळेही केले. रेम्ब्रांटने १६४२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नागरी रक्षकदलाचे भव्य चित्र रंगविले. काळाच्या ओघात त्यावरील वार्निश काळवंडले आणि लोकांनी त्यास 'रात्रीचा पहारा' म्हणण्यास आरंभ केला. विसाव्या शतकात चित्र स्वच्छ केले, तेव्हा प्रसंग दिवसाचा असल्याचे दिसले. नाव मात्र आजही रात्रीचेच आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. वस्तूत तो गुण असो वा नसो, व्यवहारासाठी ठेवलेली संज्ञा म्हणजे नामनिक्षेप. रेम्ब्रांटच्या चित्राचे नाव याच जातीचे. आपल्या मूर्तिकारांनी तर नावाऐवजी लांछन कोरले. पद्मासनातील दोन मूर्ती सारख्याच दिसल्या, तरी पीठावरील वृषभ पाहून आपण ऋषभनाथ ओळखतो, सिंह पाहून महावीर. तेथे शिल्पकाराच्या आवडीनिवडीस जागाच नाही.

आधुनिक चित्रकारापुढे असा कोणताही संकेत नसतो. नाव द्यावे की न द्यावे, हेही त्यालाच ठरवावे लागते. नागपुरात जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे यांनी प्रौढ काळातील बहुतेक चित्रांना नावच दिले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, तेही 'शीर्षकहीन' या नोंदीखाली. याउलट सय्यद हैदर रझा. पॅरिसमध्ये राहूनही त्यांनी 'बिंदू'सारखी नावे योजिली. १९८१ च्या 'माँ' या चित्रावर तर अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ देवनागरीत लिहिली. त्यांचे 'सौराष्ट्र' हे नाव वाचताच आपल्या डोळ्यांसमोर गिरनार आणि शत्रुंजय उभे राहतात, चित्रात मात्र भौमितिक आकार आणि तांबडे-पिवळे रंगच दिसतात. या नावावाचून आपल्याला तेथे भूमी दिसली असती काय? मला शंका वाटते. गायतोंडेंना पाहणाऱ्याच्या मनावरील नेमका हाच लगाम नको असावा.

ज्यांच्या घरी चित्रे आहेत त्यांनी एक करावे. फ्रेम बदलताना कॅनव्हासची मागील बाजू पाहावी. अनेक चित्रकार तेथे नाव, वर्ष आणि सही स्वहस्ते लिहितात. ते जसेच्या तसे वहीत उतरवावे आणि घरात रूढ झालेले 'आजोबांचे निळे चित्र' हे लाडके नाव त्याशेजारी वेगळ्या रकान्यात लिहावे. वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी ही दोन नावे एकमेकांत मिसळली, तर पुढच्या पिढीला मूळ नाव शोधणे कठीण जाते.